‘निव्वळ कारागिरी’ हा शेरा

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना आणि पुढे कवितासंग्रहांची परीक्षणे लिहिताना आम्ही दोघांनी मिळून जो शेरा सर्वांत अधिक वेळा लिहिला असेल, तो ‘निव्वळ कारागिरी’ हा होय. एखादी कविता वृत्तात चोख बसलेली असावी, यमके नेटकी असावीत, आणि तरी ती आम्हाला भिडू नये. अशा वेळी हा शेरा फार उपयोगी पडतो. तो लिहिताना आपण काही विचार केला आहे असे लिहिणाऱ्याला वाटते, आणि वाचणाऱ्यालाही तसेच वाटते. विद्यार्थी तो शेरा उचलतात, पुढे स्वतः शिक्षक होतात आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत तो लिहू लागतात. हा शब्दप्रयोग आपण आता सोडून द्यावा, असे प्रस्तुत लेखात आम्हाला सुचवायचे आहे. या मताला आम्ही कसे आलो हे सांगणे प्राप्त आहे, आणि त्यासाठी साहित्याबाहेरच्या एका हौसेची हकीकत सांगावी लागेल. सुजाण वाचकांनी थोडा धीर धरावा.

आम्ही दोघेही आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालो आणि रायगडच्या किनाऱ्यावर, चौल-रेवदंड्याच्या परिसरात येऊन राहिलो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आंबे-फणस मुळासकट उपटले गेले. आमच्या परड्यातला जुना फणसही त्यात पडला. तो जळणाला देण्याचे जिवावर आले, म्हणून त्याच्या फळ्या काढून घेतल्या आणि पडवीत, मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवल्या. फणसाचे लाकूड कोकणात दारांना, खांबांना, देव्हाऱ्यांना वापरतात हे ठाऊक होते. तंजावरला वीणेचे अंगही फणसाच्याच लाकडातून कोरून काढतात, हे मागाहून वाचनात आले. आम्हा दोघांपैकी एकाला तरुणपणापासून गिटारचा नाद आहे. त्यातून ‘आर्चटॉप’ गिटार हाताने करून पाहण्याची कल्पना निघाली. साठी उलटलेल्या माणसांना अशा कल्पना सुचतात, आणि त्यांना अडवणारे कोणी नसते.

आर्चटॉप म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. नेहमीच्या गिटारची वरची पाटी जवळपास सपाट असते. आर्चटॉपची पाटी व्हायोलिनसारखी कमानदार असते, आणि ही कमान लाकूड वाकवून आणलेली नसून जाड ठोकळ्यातून कोरून काढलेली असते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील कॅलामझू या गावी ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या माणसाने हे तत्त्व मॅन्डोलिन आणि गिटार यांना लावले; मॅन्डोलिनच्या अशा रचनेचे पेटंट त्याला १८९८ साली मिळाले. पुढे १९२२ च्या सुमारास, त्याच्याच नावाच्या कंपनीत लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली, मधल्या गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोके असलेली एल-५ ही गिटार तयार झाली. विजेच्या गिटारपूर्वीच्या काळात पितळी वाद्यांच्या ताफ्यात स्वतःचा आवाज टिकवून धरणारी गिटार म्हणून जॅझ वाजवणाऱ्यांनी ती उचलली. न्यूयॉर्कमध्ये जॉन डी-अँजेलिको (१९०५-१९६४) याने एका लहानशा दुकानात आयुष्यभर अशी वाद्ये हाताने घडवली. त्यांची संख्या अकराशेच्या वर जाते. आपल्याकडे हिंदुस्थानी संगीतात गिटार रुजली तीही पुष्कळशी याच जातीची. ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट्ट यांनी आर्चटॉप मांडीवर आडवी घेऊन, तिच्यात आपापले फेरफार करून राग वाजवले. भट्टांनी तर तिला तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा म्हणून नवे वाद्यच उभे केले.

तर ही गिटार करायला आम्ही २०२२ च्या दिवाळीनंतर बसलो. मागची पाटी आणि कडा परड्यातल्या फणसाच्या. वरच्या पाटीसाठी स्प्रूस या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाचा ठोकळा विकत आणला. बॉब बेनेडेटो या अमेरिकी कारागिराचे १९९४ सालचे पुस्तक या विषयात प्रमाण मानले जाते. त्याच्यासह आणखी काही पुस्तके आणि आराखडे मिळवले. रंधा, पटाशी, कानस यांच्याशी आमचा परिचय बेताचाच होता. त्यासाठी शेजारच्या एका मेस्त्रींकडे शिकवणी धरली. मेस्त्री होड्या बांधणारे. फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडी होडीचे नवे काम क्वचित निघते. बहुतेक दिवस त्यांचे डागडुजीत आणि बंगलेवाल्यांच्या दारे-खिडक्यांत जातात. ते आम्हाला ‘मास्तर’ म्हणतात. पटाशीला धार लावण्यातच पहिले तीन आठवडे गेले, तेव्हा ते आम्हाला एवढेच म्हणाले, “मास्तर, हत्यार बोथट असलं की माणूस जोर लावतो. जोर लावला की लाकूड सूड घेतं.”

काम साधारणपणे असे चालते. ठोकळा उभा चिरून त्याचे दोन भाग पुस्तक उघडल्यासारखे शेजारी ठेवायचे आणि मध्यरेषेवर सरसाने सांधायचे. मध्याशी त्याची जाडी सुमारे २५ मिलिमीटर असते. आधी बाहेरून कमान कोरायची. मग उलटे करून आतून पोकळ करायचे. आत किती खोल जायचे हे चुकू नये म्हणून ठराविक खोलीची भोके पाडून घेतात आणि भोकांचे तळ दिसेनासे होईपर्यंत कोरतात. शेवटी पाटी मध्याशी सहा-सात मिलिमीटर आणि कडेजवळ त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. म्हणजे ठोकळ्याचे बहुतेक लाकूड भुशाच्या आणि ढलप्यांच्या रूपाने जमिनीवर जाते. कडांसाठी फणसाच्या दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वळवाव्या लागतात. हे पाहून मेस्त्रींना मौज वाटली. होडीची फळी ओली करून जाळावर शेकत ते जे करीत आले होते, त्याचे हे बाहुलीच्या घरातले रूप होते.

पहिली गिटार २०२४ च्या चैत्रात तारा चढवण्याइतकी तयार झाली. आम्ही कॅलिपरने मोजत, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत पुस्तकाबरहुकूम काम केले होते. ती वाजली; ठीक वाजली. आम्हाला स्वतःचा पुष्कळ अभिमान वाटला. आर्चटॉपच्या सहा तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या घरात ताण देतात, आणि त्यांतला काही भार घोडीवाटे कमानीवर खाली दाबला जातो. वैशाख गेला. आषाढात किनाऱ्यावरची हवा ओली चिंब झाली. एके दिवशी पाहतो तो घोडीखालची कमान बसकी झालेली, तारा पट्ट्यांना टेकून खरखरत असलेल्या. दीड वर्षाचे काम गेले.

मेस्त्रींनी पाटी उजेडात धरली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि विचारले, “मास्तर, पाटी पातळ केलीत ती ऐकून, का मोजून?”

आम्ही म्हणालो, “मोजून.”

“मग ती बसणारच. पुस्तकातलं लाकूड हे नव्हतं ना.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. आम्ही आणलेला ठोकळा स्वस्तातला, रुंद रेषांचा, मऊ होता. पुस्तकातली जाडी घट्ट आणि ताठ लाकडासाठी होती. बेनेडेटोचे पुस्तकही शेवटी बोटांनी वाकवून, ठोकून पाहा असेच सांगते. आम्ही त्यातले आकडे तेवढे वाचले होते. साहित्याच्या शिक्षकांनी ग्रंथ असा वाचावा, यात आम्हाला आज फारसे नवल वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘निव्वळ कारागिरी’ या शेऱ्यामागे एक सिद्धान्त उभा आहे, आणि तो आमच्या पिढीला एम. ए. च्या वर्गात शिकवला गेला. आर. जी. कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञाने १९३८ साली कलेच्या तत्त्वांवरील आपल्या ग्रंथात कला आणि कारागिरी यांचा भेद मांडला. त्याच्या मते कारागिराला काय करायचे आहे ते करण्यापूर्वीच ठाऊक असते. योजना आधी, अंमलबजावणी नंतर. साधन वेगळे, साध्य वेगळे. कलावंताला मात्र आपण काय व्यक्त करणार हे व्यक्त करीपर्यंत उमगत नाही. भेद आखीवरेखीव आहे, आणि परीक्षेत लिहायला सोयीचा आहे. एकाच कृतीत कला आणि कारागिरी दोन्ही असू शकतात, ही पुस्ती कॉलिंगवुडने स्वतः जोडली होती. ती आमच्या टिपणवह्यांपर्यंत पोचली नाही.

पाटी कोरताना या भेदाची पहिली कसोटी लागते आणि तो तेथेच डळमळू लागतो. आम्हाला गिटार करायची होती हे आधी ठाऊक होते, हे खरे. पण कवीलाही आपण कविता करीत आहोत, कादंबरी नव्हे, हे बहुधा ठाऊक असते. या ठोकळ्यातून ही पाटी किती जाडीवर थांबवायची, हे मात्र हातात पटाशी घेण्यापूर्वी कोणालाच सांगता येत नाही. पाटी दोन बोटांत कडेपाशी हलकी लोंबकळत धरायची आणि मध्यावर बोटाच्या पेराने ठोकायची. जाड असताना ती फळीसारखी ‘ठक्’ म्हणते. लाकूड उतरत जाते तसा तिचा स्वर खाली येतो आणि लांबत जातो; मग एका टप्प्यावर ती खुलते. त्यापुढे गेलात की स्वर ढब होतो आणि पाटी दुबळी पडते. तो टप्पा प्रत्येक पाटीचा निराळा असतो. म्हणजे योजना येथे अंमलबजावणीच्या पोटातून जन्म घेते. पहिल्या वेळी आम्ही कॉलिंगवुडच्या व्याख्येतले आदर्श कारागीर होतो: साध्य आधी ठरलेले, साधने त्याला जुंपलेली. आणि म्हणूनच वाद्य बसले. त्या व्याख्येप्रमाणे वागणारा माणूस चांगला कारागीर होत नाही, असे आम्हाला फणसाच्या आणि स्प्रूसच्या खर्चाने कळले.

ठोकून पाहण्याची ही रीत आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. तेरच्या गोरोबाकाकांची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. संत जमले असताना मुक्ताबाईने थापटण्याविषयी विचारले, गोरोबांनी ते हाती घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले, आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. वर्गात आपण ही कथा अहंकाराची आणि गुरुकृपेची म्हणून शिकवतो. तिच्या मुळाशी एका कुंभाराचे ज्ञान आहे, की भाजणे पुरे झाले की नाही हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते, याकडे आमचे दोघांचेही उभ्या आयुष्यात लक्ष गेले नव्हते. रूपक ज्या धंद्यातून आले त्या धंद्याकडे न पाहता आम्ही रूपक समजावून सांगत होतो.

आणि हे एकट्या गोरोबांचे नाही. सोनार, माळी, शिंपी, न्हावी: वारकरी परंपरेतली ही नावे धंद्यांसह आपल्यापर्यंत आली आहेत आणि धंद्यांची हत्यारे, माती, मळा ही त्यांच्या अभंगांत उतरली आहेत. तरी आपल्या वाङ्मयेतिहासात संतांचे काव्य ते सहजस्फूर्त आणि पंडितांचे काव्य ते कारागिरीचे, अशी वाटणी रूढ झाली. वामनपंडित ‘यमक्या वामन’ झाला. ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचणारा मोरोपंत शब्दांचा कसरतपटू ठरला. या वाटणीत एक विलक्षण उलटापालट दडलेली आहे. हाताने मडकी आणि दागिने घडवणाऱ्यांच्या काव्याला आपण स्फूर्तीचे म्हटले, आणि ज्यांनी हत्यार क्वचितच हाती धरले असेल त्या पंडितांच्या काव्याला कारागिरीचे. आम्हाला येथे पंतकवींची बाजू घ्यायची नाही. पण दोन्हीकडे अन्याय झाला तो एकाच धारणेपोटी झाला, असे आम्हाला वाटते: हाताच्या कामात विचार नसतो आणि विचाराच्या कामात हात नसतो, ही ती धारणा. संतांची स्तुती करताना त्यांच्या धंद्यातले शहाणपण पुसले गेले, आणि पंडितांची निंदा करताना धंदेवाइकांच्या नावाची शिवी वापरली गेली.

आपल्या समीक्षेची परिभाषाच या बाबतीत आपल्याविरुद्ध साक्ष देते. कथेची वीण, भाषेचा पोत, नाटकाची बांधणी, व्यक्तिरेखेची घडण, आणि आकृतिबंधासाठी आपला लाडका शब्द ‘घाट’. यातला एकही शब्द अभ्यासिकेत जन्मलेला नाही. ते मागावरून, चाकावरून, ऐरणीवरून आले. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या घटनेसाठी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. ताणलेल्या तारा पाटीला खाली दाबतात, कमान त्यांना वर उचलते, आणि या विरोधातून जो तोल साधतो तोच नाद होऊन बाहेर येतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर ती तत्त्वे आम्हाला पूर्वीपेक्षा बरीच अधिक कळली. कार्यशाळेतून शब्द उसने घ्यायचे आणि कार्यशाळेलाच तुच्छ लेखायचे, ही रीत सुसंस्कृतपणाची म्हणता येणार नाही.

याचे व्यावहारिक परिणामही आहेत. मराठीत गायकांवर, घराण्यांवर, मैफलींवर विपुल आणि उत्तम लेखन झाले. ज्या तंबोऱ्यावाचून ती मैफल उभी राहत नाही तो करणाऱ्यांवर त्या मानाने फारच थोडे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी शस्त्रांच्या कामातून तंतुवाद्यांच्या कामाकडे वळून एक परंपरा सुरू केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तूणाचे लाकूड, आणि घोडीचा माथा कानसेने तासत तासत ‘जवारी’ लावणारा कान, यांवर ती चालत आली. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले ते १९३७ साली त्यांचे निधन होईपर्यंत. खाँसाहेबांच्या स्वराविषयी आपल्याला खूप सांगता येते. त्या स्वराला पाठ देणारी जवारी ज्याच्या हातची, त्याच्याविषयी क्वचितच. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगलेच झाले. पण शासनाचे प्रमाणपत्र आणि भाषेची दखल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या भाषेत ‘कारागिरी’ हा दोष आहे, त्या भाषेत कारागिराचे चरित्र कोण लिहिणार?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. खरोखरच निर्जीव, कौशल्यापलीकडे काही नसलेली कविता असतेच. तिला म्हणायचे काय? आमचे उत्तर असे की तिच्यासाठी मराठीत दुसरा, अधिक नेमका शब्द आहे: साचेबंद. गिटारच्या बाजारातही हा भेद आहे. कोरलेल्या आर्चटॉपखेरीज एक दाबलेली आर्चटॉप असते. पातळ थर चिकटवून, तापलेल्या साच्यात दाबून तिची कमान काढतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. साच्याला हे लाकूड आणि ते लाकूड यांतला फरक कळत नाही. कळण्याची त्याला गरजही नसते. निर्जीव कवितेत नेमके हेच घडलेले असते: आशय कोणताही येवो, कमान तीच. तिच्यात कारागिरी जास्त झालेली नसते, कमी पडलेली असते. अर्थात साच्याचाही तिरस्कार नको. १९४९ साली आलेली गिब्सनची ईएस-१७५ ही अशीच थर दाबून केलेली गिटार, आणि जॅझ वाजवणाऱ्यांनी ती मनापासून स्वीकारली. ओवी आणि अभंग हेही एका अर्थी साचेच आहेत. प्रश्न साचा आहे की नाही असा नसतो. साचा वापरताना कान जागा होता की नाही, असा असतो. टीकाकाराने तेवढे पाहावे आणि तेवढेच म्हणावे.

दुसरा आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो, आणि तो अधिक बोचणारा आहे. पेन्शन घेणाऱ्या दोन माणसांनी हौसेखातर लाकूड कोरावे आणि त्यावरून कारागिरीची महती सांगावी, यात दंभ नाही का? पहिली गिटार बसली त्या संध्याकाळी मेस्त्री जाताना म्हणाले होते, “तुमचं बरं आहे. माझ्या हातून एक होडी अशी गेली असती, तर दुसरी कुणी दिली नसती.” आमची चूक अनुभव म्हणून जमा झाली, आणि आता तिचा लेखही होत आहे. त्यांची चूक मजुरीतून कापली गेली असती, आणि समुद्रात एखाद्याच्या जिवावर बेतली असती. त्र्यं. ना. आत्र्यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) बलुतेदारांचे जे जग दिसते, त्यात सुताराला आपले काम निवडण्याची मुभा नव्हती, आम्हाला होती. हौस आणि पोट यांतले हे अंतर कोणत्याही सिद्धान्ताने बुजत नाही. किनाऱ्यावर सुट्टीचे बंगले उठत आहेत, त्यांत ‘हस्तनिर्मित’ वस्तू मांडून ठेवायची रीत आहे. आणि ज्याच्या हाताने ती निर्मिती होते त्याच्या मुलाला तो हात नको आहे. मेस्त्रींचा मुलगा मुंबईला नोकरी करतो. वडिलांचा धंदा त्याने का घेतला नाही असे विचारण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमच्याही मुलांनी मराठी घेतले नाही.

तरीही हौसेचे एक मोल आहे, आणि ते मान्य करायला संकोच नको. आपण ‘हौशी’ हा शब्दही खालच्या पट्टीत वापरतो: हौशी रंगभूमी, हौशी कवी. पण ज्याला चूक परवडते त्याच्यावर ती नीट पाहण्याची जबाबदारी येते. मेस्त्रींना जे हातात आहे ते शब्दांत मांडायला वेळ नव्हता, निकडही नव्हती. आम्हाला हातात फारसे काही येणार नाही. शब्द तेवढे आहेत. ते वापरून एवढे तरी सांगावे, की चाळीस वर्षे होड्या बांधणारा माणूस फळीशी जे करतो त्याला विचारच म्हणतात. तो वाक्यांत होत नाही, एवढाच फरक. हे मान्य केले तर ‘निव्वळ कारागिरी’ या दोन शब्दांतले ‘निव्वळ’ आधी गळते, आणि मग उरलेला शब्द स्तुतीचा होतो.

साहित्याच्या अध्यापकांना आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी हा शेरा लिहायला हात उचलला की थांबावे, आणि काय खटकले ते नावानिशी लिहावे. यमकासाठी अर्थ वाकवला का? वृत्त आशयाला ढिले पडते का? प्रतिमा आधीच्या शंभर कवितांतून उचललेली आहे का? कमान कोठे बसली, कोणत्या ताराखाली बसली, हे दाखवता आले तर विद्यार्थ्याला दुसरी पाटी कोरता येते. नुसते ‘कारागिरी’ म्हटले की तो एवढेच शिकतो की कसब ही लपवण्याची गोष्ट आहे. आणि मग तो ढिसाळपणालाच उत्कटता समजू लागतो. अशा कविता आमच्याकडे पुष्कळ येत असत. त्यांतल्या काहींना तरी आम्हीच जबाबदार होतो.

दुसरी गिटार आम्ही २०२४ च्या दिवाळीनंतर सुरू केली. पाटीसाठी या वेळी ठोकळा निवडताना तो आधी ठोकून पाहिला. जाडी मोजत होतोच. पण मध्याशी सात मिलिमीटरच्या आसपास आलो असताना पाटी खुलली, तेव्हा पुस्तकातला आकडा अजून पुढे असूनही थांबलो. थांबण्याचा निर्णय घ्यायला आम्हाला दोन दिवस आणि एक लहानसे भांडण लागले. मेस्त्रींना बोलावून दाखवली. त्यांनी पाटी कानाशी धरून एकदा ठोकली, परत दिली, आणि चहा मागितला. याचा अर्थ काय घ्यायचा यावर आमच्यात अद्याप एकमत नाही. ती गिटार पडवीत टांगलेली आहे. एक पावसाळा तिने काढला आहे. तारा पट्ट्यांना टेकलेल्या नाहीत.